चुलीवरचा लॅपटॉप

लॅपटॉप चुलीवर टांगणारा माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात एकच निघाला, आणि तोही निवृत्त मास्तर. दुसऱ्या कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते, अडाणी आहे बिचारा, जाऊ द्या. पण ढवळू गुरुजींनी जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलं, त्यांनी असं करावं? तर हो, त्यांनीच केलं, आणि पूर्ण शुद्धीवर असताना केलं.

आता त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. पोशेऱ्याजवळच्या त्या पाड्यावर पावसाळ्यात कोरडी अशी एकच जागा असते, चुलीच्या वरची. बाकी सगळ्याला ओल धरते. कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, पुस्तकं फुगतात, काडेपेटीतल्या काड्या नुसत्या घासायच्या, पेटायचं नाव नाही. म्हणून घराघरांत चुलीच्या वर, धूर लागेल अशा बेताने, बांबूची डालकी टांगलेली असते. तिच्यात पुढच्या साली पेरायचं बी ठेवतात. नागलीची निवडक कणसं, काकडीचं बी, दुधीचं बी, पानात बांधलेली तूर. धुराने कीड लागत नाही आणि उबेने ओल धरत नाही. घरात जे सगळ्यात जपायचं ते डालकीत, हा तिथला शिरस्ता.

आणि गुरुजींच्या घरात त्या पावसाळ्यात जपावं असं दुसरं होतं तरी काय? बायको गौरा कल्याणला गेली होती, मुलाकडे. मुकेश तिकडे एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघायचा, सून जयश्री दवाखान्यात नर्स, मग नात नेत्राला सांभाळायचं कोणी? "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून गौरा एक पिशवी घेऊन जीपमध्ये बसली. चार महिने कसले न् काय कसले! नात पालथी पडली, रांगली, दात आले, चालायला लागली, आणि गौरा अजून तिकडेच. इकडे गुरुजी एकटे भात रांधायचे, एकटे जेवायचे, आणि उरलेला भात शेजारच्या माघीच्या कोंबड्यांना घालायचे.

तो लॅपटॉप म्हणजे मुकेशचा जव्हारच्या कॉलेजातला. पाट्यासारखा जड, झाकण उघडताना कुरकुरणारा. नोकरी लागल्यावर मुकेशने नवा घेतला आणि हा घरी टाकला. गुरुजींचा सगळा रविवार त्याच्यावर उभा होता. ओसरीच्या एका कोपऱ्यात रेंज येते, तिथे पाट मांडायचा, फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं, आणि मग त्या मोठ्या काचेवर नेत्रा यायची. फोनवर ती चिंचोक्याएवढी दिसायची, गुरुजींना नाक कुठलं न् डोळा कुठला कळायचं नाही. लॅपटॉपवर मात्र ती अगदी समोर बसल्यासारखी यायची, आणि मागे गौरा पदराला हात पुसत उभी असायची. जेमतेम एवढंच बोलायची, "जेवण झालं का? बी वर ठेवलं का?"

बी वर ठेवलंच होतं. आणि आषाढात लॅपटॉपच्या बटणांवर पांढुरकी बुरशी दिसायला लागली तेव्हा गुरुजींनी तो फडक्यात गुंडाळला आणि बियांशेजारी वर ठेवला. रविवारी खाली काढायचे, पुन्हा वर ठेवायचे. सबंध पावसाळा लॅपटॉप धूर खात राहिला.

भादव्यात एका रविवारी त्याने मान टाकली. काचेवर काळ्यात दोन पांढऱ्या ओळी, आणि पोटातून आवाज, टक टक टक. कुणीतरी आत बसून दार वाजवतंय, असा.

गुरुजींनी घाबरून मुकेशला फोन लावला. मुकेशने आवाज ऐकला, लॅपटॉप कुठे असतो ते विचारलं, आणि उत्तर ऐकून कपाळावर हात मारल्याचा आवाज कल्याणहून पाड्यापर्यंत आला.

"बा, लॅपटॉप म्हणजे काय नागली आहे का रे?"

"ओल लागत होती," गुरुजी म्हणाले.

"हार्ड डिस्क गेली त्याची. आत बारीक चकती फिरते, ती उबेने न् काजळीने खलास. आता तू हात लावू नको. दिवाळीला येतो तेव्हा बदलून देतो. नवी डिस्क तुझ्या नावावर मागवतो, मोखाड्याच्या दुकानात येईल, तेवढी घेऊन ठेव. इथे मागवली तर माझ्या धांदलीत राहून जाईल."

'दिवाळीला येतो.' गुरुजींनी पुढचं काही ऐकलं नाही. डिस्क गेली त्याचं वाईट वाटायचं सोडून त्यांना आनंद झाला, लपवून काय उपयोग! कारण एक गोष्ट त्यांच्या केव्हाच ध्यानात आली होती. मुकेश नुसता "ये" म्हटल्याने येत नव्हता. सुट्टी नाही, पोरगी आजारी, रस्ता खराब, सतरा कारणं. पण लॅपटॉप बिघडला की यायचा. चार्जर जळला तेव्हा आला, काही उघडेना तेव्हा आला. बापाच्या हाकेपेक्षा त्या खोक्याच्या हाकेला धावायचा.

आता येऊन तरी काय करायचा? ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, बापाकडे पाठ करून बसायचा. गुरुजी मागे बसायचे. चहा द्यायचे. "कणगी नवी विणली बघ," म्हणायचे. "हं," मुकेश म्हणायचा. काम संपेपर्यंत जीपची वेळ व्हायची. गुरुजींना मुलाची पाठ इतकी पाठ झाली होती की शर्टाच्या कॉलरवर कुठे उसवलंय तेही सांगता आलं असतं.

डिस्क आली. गुरुजी मोखाड्याला जाऊन घेऊन आले. खोकं उघडलं तर आत पत्त्याच्या कॅटाएवढी एक काळी चपटी डबी. हीच ती? एवढ्याशा डबीपायी मुकेशचा सगळा दिवस जाणार? आणि तिथेच त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. हे काम आपणच आधी उरकून ठेवलं तर? मग मुकेशला करायला काही उरणारच नाही. तो मोकळा बसेल, तोंड बापाकडे करून. त्याला शेतावर नेऊ, कापणी दाखवू. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबाच्या दगडापाशी बापलेक जाऊ. गौरा नव्या तांदळाच्या पिठात काकडी किसून पानात उकडेल. नेत्रा ओसरीवर धावेल. इतका सुंदर बेत त्यांच्या मनात जमला की एवढ्या वर्षांत तो आधी का सुचला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

आपला हात जगन्नाथ, असं फळ्यावर कितीदा लिहिलं होतं त्यांनी! शाळेचं कुलूप, घंटा, पंखा, सगळं त्यांनीच दुरुस्त केलेलं. लॅपटॉप काय आभाळातून पडला होता?

फोनवर त्यांनी एक व्हिडिओ शोधला. एक तरणा माणूस हिंदीत सांगत होता, आणि सांगता सांगता रेंजपायी मध्येच थिजत होता. बॅटरी आधी काढा. मग पाठीमागचं झाकण. जुनी डिस्क अशी सरकवून बाहेर घ्या. नव्यात फिरणारं काही नसतं, म्हणून आवाज बिलकुल नसतो. गुरुजी मान डोलवत होते, पण त्यांचं सगळं ध्यान स्क्रूंवर होतं. कुठला कुठला हे चुकलं तर संपलं! म्हणून त्यांनी जुनी दगडी पाटी काढली, तिच्यावर खडूने लॅपटॉपची पाठ काढली, आणि जिथला स्क्रू तिथे ठेवायचा असं ठरवलं. मास्तर तो मास्तरच.

पहिले स्क्रू मुकाट निघाले. डिस्कच्या झाकणाचा एक मात्र हटून बसला. काजळी आणि ओल दोन्ही खाऊन जाम झालेला. जोर करावा तर त्याची चौफुली झिजायला लागली. गुरुजींनी त्याला चार शिव्या दिल्या, शाळेत कधी दिल्या नव्हत्या तशा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, स्क्रूवर ठेवला, वरून दाबून हळूच पिळलं. रबराने धरलं. स्क्रू कुरकुरत फिरला.

"गुरजी, हा काय मांडलाय?" अंगणातून माघी आली. शेजारची, विळा खांद्याला, कापणीवरून परतलेली.

"डिस्क बदलतोय."

"मुकेश येणार ना करायला?"

"तो आल्यावर त्याला कामाला लावू काय? पाहुण्याला?"

माघी हसली. "पोरगा पाहुणा झाला का तुझा आता?" असं म्हणून तिने काकड्या ओसरीवर ठेवल्या आणि गेली. गुरुजींना ते बोलणं लागलं. पण हातात स्क्रू होता, त्यांनी तो आधी पाटीवर ठेवला.

झाकण उघडलं आणि घराचा वास आला. चुलीचा, धुराचा, भाजलेल्या नागलीचा. आत सगळीकडे काजळीचा थर, आणि कोपऱ्यातून नागलीचे दाणे घरंगळत खाली आले. गुरुजी बघत राहिले. बिचाऱ्याला आपण मायेने मारला, त्यांनी मनातल्या मनात म्हटलं. मऊ फडक्याने पुसलं, फुंकर घातली, खोकले. जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीत बसवलेली होती. ती चौकटीसकट बाजूला सरकवली, सोडवली, त्याच चौकटीत नवी बसवली आणि सोनेरी दातांची बाजू खाचेत ढकलली. बसली! आंब्याची कोय सालीत बसावी तशी बसली. पाटीवरून एकेक स्क्रू उचलून जागच्या जागी गेला, आणि पाटी रिकामी झाली. शिल्लक काही राहिलं नाही.

मुकेशने मागच्या वेळी ठेवलेला विंडोजचा पेनड्राइव्ह कपाटात होता. तो लावून, व्हिडिओतल्या माणसाला पुढे-मागे करत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून करत गुरुजींनी विंडोजही घातलं. दुपार कलली तेव्हा काच उजळली. निळी, स्वच्छ. आणि लॅपटॉप इतका गप्प, की चालू आहे की बंद हे कान लावून कळेना.

"अरे वा रे ढवळू!" गुरुजी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं. कोंबडी होती, ती दचकून पळाली.

खरं तर गप्प बसायचं, मुकेश दारात आल्यावर दाखवायचं, असं ठरलं होतं. पण आनंद कुणाच्या पोटात राहिलाय? रविवार नसतानाही त्यांनी मुकेशला लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला.

मुकेशने उचलला आणि बघतच राहिला. "बा! हे कुठून बोलतोयस? लॅपटॉप?"

"मग! बसवली मी. स्वतः."

"काय सांगतोस! विंडोज पण? अरे बा, तू तर कमाल केलीस. आमच्या ऑफिसातल्या पोरांना जमत नाही." मुकेश मनापासून हसत होता. गुरुजींना वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता उडू. "बरं झालं बघ, माझं मोठं टेन्शन गेलं. सुट्टी मिळतच नव्हती. लॅपटॉप बंद म्हणजे तुझं बोलणं बंद, म्हणून साहेबाच्या हातापाया पडणार होतो. आता प्रश्नच मिटला. आता निवांत शिमग्याला येऊ."

मागून गौराचा आवाज आला. "म्हणजे? नाही जायचं दिवाळीला?"

"आता काय गरज आहे, आई? बा व्यवस्थित दिसतोय की! बघ, बोल त्याच्याशी."

गौरा समोर आली. मोठ्या काचेवर, स्पष्ट. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसत होती. तिने पदराला हात पुसले. मग नेत्रा आली, काचेला हात लावला, आणि कॉल तुटला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गुरुजींनी स्वतःच्या हाताने, ट्यूबचा तुकडा लावून, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. पाड्यावर कापणीची घाई, खळ्यावर भात झोडण्याचे आवाज, प्रत्येक घरात कुणी ना कुणी आलेलं. भिवंडीहून माघीचा नवरा आला, जाऊबाई आली, अंगणात हसणं. माघी म्हणाली, "गुरजी, तू एकलाच कशाला रांधतोस, आमच्यात ये." गुरुजी गेले, जेवले, आणि परत येताना वाटेत त्यांना उगाच रडू आलं. म्हातारा माणूस, काळोख नाही, काही नाही, भर उजेडात बांधावर उभा राहून रडला. माघीने दिलेल्या काकड्या ओसरीवर पिवळ्या पडत होत्या. त्या किसायला कोणी नव्हतं.

लॅपटॉप पाटावर उघडा असायचा. रविवारी त्याच्यावर सगळे यायचे, छान दिसायचे, आणि जायचे. इतकं स्पष्ट दिसत होतं की गुरुजींना त्याचाच राग यायला लागला.

वाघबारस जवळ आली तेव्हा एका सकाळी त्यांनी पुन्हा पाटी काढली. खडूने लॅपटॉपची पाठ काढली. बॅटरी सोडवली. स्क्रू या वेळी पटापट निघाले, हट्ट करणारासुद्धा. डिस्क सरकवून बाहेर काढली, फडक्यात गुंडाळली आणि हातात धरून ते घरभर फिरले. कुठे ठेवावी? कपाटाला ओल. पेटीत उंदीर. शेवटी हात सवयीने वर गेला.

मग ओसरीच्या कोपऱ्यात येऊन त्यांनी फोन लावला. जन्मात पोरांना 'खोटं बोलू नये' हे शिकवलं, आणि आता छाती धडधडत होती पोरासारखीच.

"मुकेश, तो परत बंद पडला रे."

"परत? काय झालं?"

"काय की. काळं होतंय सगळं. चालूच होत नाही."

"आवाज येतोय का काही?"

गुरुजींना वाटलं, आवाज आला म्हणजे बिघाड मोठा. मागच्या वेळी आवाजावरच तर तो येतो म्हणाला होता.

"येतोय ना. टक टक टक. अगदी पहिल्यासारखा."

तिकडे काहीच नाही. रेंज गेली असं वाटून गुरुजी पाटावरून उठले, कोपऱ्यात आणखी सरकले. "हॅलो? मुकेश?"

"आहे बा." मग मुकेशने विचारलं, "नव्या डिस्कमधून येतोय? टकटक?"

"नव्यातूनच. दुसरी कुठली आहे माझ्याकडे?"

एवढं बोलून गेल्यावर गुरुजींना तो व्हिडिओतला माणूस आठवला. फिरणारं काही नसतं. आवाज बिलकुल नसतो. त्यांचे कान गरम झाले. "गुरजी, पोटात दुखतंय," म्हणणारी किती पोरं त्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखली होती, आणि हसून घरी सोडली होती. आज ते स्वतः फळ्यापाशी उभे होते, आणि समोर मुकेश होता. फोन ठेवून द्यावा असं त्यांना वाटलं, पण ठेववेना.

"बरं," मुकेश म्हणाला. "तू काही करू नको. मी येतो. वाघबारशीला तिथे असेन. आईला आणतो, सगळेच येतो."

"सुट्टी?"

"बघतो मी सुट्टीचं."

गुरुजी नुसतेच हुंकारले.

"आणि बा."

"हं?"

"ती नवी डिस्क डालकीत नको ठेवू. खाली काढून घे. उबेने जाते ती."

उघड्या दारातून गुरुजींना चूल दिसत होती. सकाळचा विस्तव अजून धुमसत होता, आणि वर डालकी, नागलीच्या कणसांशेजारी फडक्याचं गाठोडं. मुकेश फोन धरून होता.

"काढतो," गुरुजी म्हणाले.